तारीख उलटून गेल्यावर

“डॉक्टर म्हणतात ॲडमिट व्हा, औषध देऊन कळा आणू. घरचे म्हणतात थांब. मी काय करू?”

गर्भवतींसोबत समुपदेशक म्हणून काम करायला लागून मला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत हा प्रश्न किती जणींनी विचारला याची मोजदाद नाही. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघींनी विचारला. त्यातल्या एकीने तर रात्री साडेअकराला फोन करून, कुजबुजत, कारण शेजारच्या खोलीत सासूबाई जाग्या होत्या. म्हणून आज स्नेहलची गोष्ट सांगायला बसले. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत. लिहायला तिची परवानगी आहे.

स्नेहल बँकेत नोकरी करणारी, पहिलटकरीण. सातव्या महिन्यापासून माझ्याकडे येत होती. बाळंतपणाची भीती बरीचशी निवळली होती. पण तारीख उलटून चौथ्या दिवशी, सोमवारी, ती आली ती डोळे पुसतच. खुर्चीत टेकली आणि पर्समधून चार घड्या घातलेलं कॅलेंडरचं पान काढलं. एका तारखेभोवती लाल पेनाने गोल, इतक्या वेळा गिरवलेला की तिथे कागद झिरझिरीत झाला होता. पुढच्या चार चौकोनांवर फुल्या. आणि त्यापुढे, शनिवारच्या घटस्थापनेभोवती, निळ्या शाईचा आणखी एक गोल.

“निळा गोल कुणाचा?”

“सासूबाईंचा. म्हणतात, पितृपक्ष संपू दे, घट बसू देत, मग बघू.”

“आणि डॉक्टर?”

“गुरुवारी एक्केचाळीस आठवडे पूर्ण होतात. गुरुवारी सकाळी या म्हणाल्यात.”

बाकीचं हळूहळू बाहेर आलं. आई सांगते, तुझ्या वेळी हंडा खाली ठेवला आणि कळा सुरू झाल्या, इंजेक्शन कसलं नि काय! आत्या म्हणते, गरम दुधातून एरंडेल घे. मोठ्या जाऊबाईंना सहा वर्षांपूर्वी कळांचं औषध दिलं होतं, वीस तास सोसून शेवटी सिझर झालं, ती कहाणी घरात सगळ्यांना पाठ. आणि नवरा म्हणतो, “तू म्हणशील ते.” हे शेवटचं वाक्य ऐकायला फार समंजस वाटतं. पण मी अनेक बायकांना त्याच्याखाली वाकलेलं पाहिलंय. सगळं ओझं अलगद तिच्या एकटीच्या डोक्यावर ठेवून तो मोकळा होतो, आणि बिचाऱ्याला ते कळतही नाही.

मी डॉक्टर नाही आणि औषध घ्या किंवा घेऊ नका असं सांगणं माझं काम नव्हे. पण या विषयातली साधी, खात्रीची माहिती जवळ ठेवल्याशिवाय माझं काम होत नाही. आधी तारखेचंच घ्या. आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणतात. डॉक्टरांचा जुना हिशेबही त्याच्या जवळ जातो : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, म्हणजे साधारण २८० दिवस. पण हा अंदाज आहे. नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. तेव्हा तारीख उलटली म्हणून दुसऱ्या दिवशी हादरून जायचं कारण नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीने काढलेली तारीख सगळ्यांत भरवशाची, म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : माझी तारीख कशावरून धरली आहे?

मग एक्केचाळीस आठवड्यांशीच गाडी का थांबते? वार, म्हणजे प्लॅसेंटा, बाळाला पोसत असते. दिवस फार वर गेले की तिचं काम मंदावू शकतं, पाणी कमी होऊ शकतं, बाळ पोटातच शी करण्याची शक्यता वाढते. आणि क्वचित, फार क्वचित, बाळ पोटात दगावतं. जागतिक आरोग्य संघटना एक्केचाळीस आठवडे नक्की पूर्ण झालेल्या बाईला कळा आणण्याचा पर्याय सुचवते तो यासाठी. स्वीडनमधला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २७६० बायकांमधल्या निम्म्यांना एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या, निम्म्यांसाठी बेचाळीसपर्यंत वाट पाहिली. वाट पाहणाऱ्या गटात सहा बाळं गेली, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. सहा म्हणजे जवळजवळ चौदाशेंतली सहा. धोका लहान आहे, पण खरा आहे. मी बायकांना दोन्ही गोष्टी सांगते. लहान म्हणून लपवत नाही आणि खरा म्हणून भेडसावत नाही.

“पण कळा आणल्या की सिझरच होतं ना?” स्नेहलने विचारलं. ही शंका हवेतून येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या खासगी रुग्णालयांतल्या ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झालेल्या दिसल्या, सरकारीत १४ टक्के. लोकांचा विश्वास डळमळला तर नवल नाही. पण त्याच स्वीडनच्या अभ्यासात सिझरचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच होतं, दहा-अकरा टक्क्यांच्या आसपास. तेव्हा सिझरचं खापर सरसकट कळांच्या औषधावर फोडता येत नाही. गर्भपिशवीचं तोंड किती मऊ झालंय, बाळाचे ठोके कसे आहेत आणि तिथले लोक किती धीर धरतात, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

तिला मी दोन कामं दिली. पहिलं, मंगळवारच्या तपासणीला प्रश्न लिहून न्यायचे. पिशवीचं तोंड आज कसं आहे? ते उघडायला आधी जेल लावणार, गोळी देणार की फुग्याची नळी घालणार? त्याने नाही झालं तर पुढे काय, आणि किती वेळ वाट बघाल? औषधाने आणलेल्या कळा अनेकींना जास्त जोरदार वाटतात, तर वेदना कमी करणाऱ्या पाठीतल्या इंजेक्शनची सोय आहे का? शनिवारपर्यंत थांबले तर बाळावर लक्ष कसं ठेवणार? आणि कोणत्या खुणा दिसल्या तर एक मिनिटही न थांबता यायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मीही तिला तिथेच देऊन टाकलं : बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेलं, विशेषतः हिरवट गेलं, किंवा रक्त दिसलं, तर रात्रीचे तीन वाजलेले असले तरी निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. एरंडेल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडाला लावू नको म्हटलं.

दुसरं काम तिला चमत्कारिक वाटलं. “जाऊबाईंना फोन कर आणि विचार, त्या दिवशी सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला?”

बुधवारी आली तेव्हा ती रडत नव्हती, चिडलेली होती.

“मॅडम, डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. पाणी थोडं कमी होतंय म्हणाल्या. शनिवारपर्यंत थांबायचंच असेल तर रोज तपासायला या, पण माझा सल्ला गुरुवारचाच. मला पटलंय. तरी तोंडातून हो निघत नाही.”

“हो म्हटलंस तर काय होईल?”

“काही वाकडं झालं तर म्हणतील, हिने घाई केली.”

“आणि नाही म्हटलंस, आणि वाकडं झालं तर?”

ती गप्प झाली. पोटावरच्या ओढणीची कड हलकेच वर उचलली गेली आणि खाली बसली. आत बाळ वळलं होतं. दोघी तिकडेच बघत राहिलो.

“तर म्हणतील, डॉक्टर सांगत होत्या तरी ऐकलं नाही.” मग अगदी हळू म्हणाली, “दोन्हीकडून मीच.”

मी तिच्याकडचं कॅलेंडरचं पान मागून घेतलं, उलटं केलं आणि पेन पुढे केलं. “डोक्यात दिवसभर जे वाक्य घुमतंय ते इथे समासात लिही. विचार करू नको, लिही.”

तिने लिहिलं : माझ्या कळा आपोआपच यायलाच हव्यात.

“मोठ्याने वाच.” तिने वाचलं. “आता दोन्ही ‘च’ खोडून वाच.”

तिने दोन अक्षरांवर रेघा मारल्या. “माझ्या कळा आपोआप यायला हव्यात.” थांबली. पुन्हा वाचलं, या वेळी मनात, ओठ हलवत. “हव्यात,” ती म्हणाली. “पण नाही आल्या तर...” बराच वेळ गेला. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसायला शिकण्यात माझी पहिली पाच वर्षं गेली आहेत. “नाही आल्या तर आणाव्या लागतील.”

आणि मग ती रडली. सोमवारपेक्षा अगदी वेगळं. “मला ना, मध्यरात्री अजयला गदागदा हलवून उठवायचं होतं. अरे, सुरू झालं म्हणायचं होतं. त्याची उडणारी धांदल मी किती वेळा मनात बघितलीये. आता तसं होणार नाही. बॅग भरून, चहा पिऊन, बँकेत निघाल्यासारखं सकाळी नऊला जायचं.”

हे दुःख पोटातून कधी बाहेरच आलं नव्हतं. घरात सगळे पितृपक्षावर, एरंडेलावर, सिझरवर बोलत होते. तिच्या हातून निसटलेल्या त्या रात्रीबद्दल कुणी बोललं नव्हतं, तीसुद्धा नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. इच्छा आणि हट्ट यांतला फरक ती शिकवते. मराठीत तो फरक एका अक्षराचा आहे, आणि हे मला पुस्तकाने नाही, माझ्यासमोर बसलेल्या बायकांनी दाखवलं. इच्छा पुरी झाली नाही तर माणसाला वाईट वाटतं, आणि ते वाटायला हवंच असतं. हट्ट मोडला तर मात्र माणूस स्वतःला गुन्हेगार ठरवतो. स्नेहलला मी म्हटलं, त्या रात्रीसाठी पोटभर रड, पण माझं शरीर कमी पडलं असं म्हणू नको. गर्भाशय तुझ्या हुकमावर चालत नाही. कळा सुरू होण्यात बाळाकडून येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो, म्हणजे तुम्ही दोघं मिळून उशीर करताय. ती रडता रडता हसली.

जाऊबाईंचं उत्तर तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

“त्या म्हणाल्या, औषधाचं काही नाही गं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सिस्टर आल्या, सुई लावली, मी विचारलं कशाची, म्हणाल्या कळांची. मग रात्रभर कुणी येऊन नुसतं बघून जायचं. सकाळी कागदावर सही घेतली आणि आत नेलं.”

माझ्याकडे आलेल्या भयकथांपैकी पुष्कळशा मी अशा उलगडून पाहिल्यात. वर औषध असतं, वेदना असतात, टाके असतात. खाली बहुतेक वेळा हेच सापडतं, की तिला कुणी विचारलं नाही. म्हणून ज्या बाईला ‘हो’ म्हणायचंय तिला मी आग्रहाने सांगते, विचारून, समजून हो म्हणा. ज्या बाईला ‘थांबते’ म्हणायचंय तिलाही तेच सांगते, कारण थांबणं हाही निर्णयच आहे. त्यालाही तपासण्या लागतात, शेवटचा दिवस ठरवावा लागतो. नुसतं घरी बसून फुल्या मारणं म्हणजे थांबणं नव्हे.

अजय बाहेर बसला होता, त्याला आत बोलावलं. म्हटलं, ‘तू म्हणशील ते’ सोडून दुसरं काय म्हणता येईल? बिचारा गोंधळला. शर्टाच्या बाहीचं बटण लावत-काढत राहिला. मग तिच्याकडे बघून म्हणाला, “आपण उद्या जाऊ. आईशी मी बोलतो.” स्नेहलच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

सासूबाई रागावल्या नाहीत. आधी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग देवापुढे नारळ ठेवला आणि शेवयांचा डबा बॅगेत घातला, एवढं मला नंतर कळलं. त्यांचीही भीतीच होती, फक्त ती पंचांगाच्या भाषेत बोलत होती.

गुरुवारी फुग्याची नळी घातली, ती रात्री आपोआप निघाली. शुक्रवारी पहाटे सलाईनमधून औषध सुरू झालं. दुखलं, फार दुखलं, दुपारी तिने स्वतः मागून पाठीतलं इंजेक्शन घेतलं. सर्वपित्री अमावास्येच्या संध्याकाळी मुलगी झाली, नैसर्गिक प्रसूतीने. सिझर झालं असतं तरी मी ही गोष्ट लिहिली असती.

दोन्ही दिवस जाऊबाई तिच्याजवळ बसून होत्या. सिस्टर काही घेऊन आल्या की त्याच आधी विचारायच्या, “हे कशाचं? तिला सांगितलंत का?”

दिवाळीनंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. “मी स्नेहलची जाऊ. तुमच्याकडे बाळंतपणासाठीच येतात ना बायका? माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. मी आले तर चालेल का?”

सोमवारी चारची वेळ दिली.