राजहंसाची अंडी उबत का नाहीत?

प्रश्न : माझ्याकडे राजहंसाचे २ नर व ३ माद्या आहेत. खुडूक कोंबडीखाली ८ अंडी ठेवली, त्यातून एकच पिल्लू निघाले. भावाने मशीनमध्ये ठेवली, तर पिल्ले तयार होऊन कवचातच मेली. काय चुकत असेल?

उत्तर : न उबलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी फोडून बघा. आत नुसता बलक असेल, तर अंडे बहुधा फळलेलेच नव्हते. रक्ताचे कडे दिसले, तर गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला, म्हणजे अंडी फार दिवस साठवली किंवा उष्णता कमी-जास्त झाली. पूर्ण वाढलेले पिल्लू मेलेले असेल, तर ओलाव्याचे आणि हवेचे गणित बिघडले. भावाकडे हेच झालेले दिसते.

तुमच्या ३ माद्यांना एक नर पुरे. दोन नर भांडत बसतात आणि अंडी रिकामी जातात. जोड्या जमायला वेळ लागतो, म्हणून अंड्यांच्या हंगामाच्या महिनाभर आधी कळप ठरवा. पहिल्या वर्षीच्या मादीची अंडी लहान असतात व कमी फळतात. उबवणीसाठी दुसऱ्या वर्षापासूनची घ्या. अंगाने जड पक्षी पाण्यात सहज जुळतात, त्यामुळे गुडघाभर पाण्याचे टाके असले तर फार बरे. अंडी रोज गोळा करा, सावलीत थंड जागी ठेवा, सात दिवसांच्या आत उबवायला बसवा.

कोंबडीला ८ अंडी झेपत नाहीत. ४-५ पुरेत. अंडे इतके जड असते की ती ते नीट फिरवू शकत नाही. दोन बाजूंना पेन्सिलने खुणा करा आणि ती दाणे खायला उठली की सकाळ-संध्याकाळ तुम्हीच उलटा. कोंबडीची सवय २१ दिवसांची, राजहंसाला साधारण ३० दिवस लागतात. ती मध्येच उठली तर दुसरी खुडूक कोंबडी तयार हवी. राजहंसाची मादीच खुडूक झाली, तर तिच्याखाली ८-१० अंडी खुशाल ठेवा.

मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश, ओलावा ५५-६० टक्के ठेवा. अंडी आडवी ठेवून दिवसातून किमान तीन वेळा फिरवा. आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून रिकामी अंडी काढा. त्याच दिवसापासून रोज १०-१५ मिनिटे अंडी बाहेर हवेवर ठेवून कोमट पाणी फवारा. मादी अंघोळ करून ओल्या पिसांनी घरट्यावर परतते, तेच आपण हाताने करतो. शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद, ओलावा ७५ टक्के, झाकण उघडायचे नाही.

कवचाला टोच पडल्यावर पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवस लागतात. घाईने कवच सोलू नका. आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या चालू असतात, बलकही पोटात पुरता ओढलेला नसतो. अशा मदतीने पिल्लू रक्तस्रावाने दगावते.

पिल्ले वाळली की ३२ अंश उबेत, गोणपाटावर ठेवा. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात. पाण्याचे भांडे चोच नाकपुडीपर्यंत बुडेल इतके खोल हवे, पण मादीविना पोहायला सोडू नका. खाद्य विनाऔषधी मागा, कारण कोंबडीच्या काही खाद्यातली औषधे राजहंसाच्या पिल्लांना बाधतात. त्यांना नायसिन (ब-३ जीवनसत्त्व) हेही कोंबडीपेक्षा जास्त लागते, ते कमी पडले की पाय वाकतात. पशुवैद्यकाला विचारून पाण्यातून द्या. पहिल्याच आठवड्यापासून बारीक चिरलेले कोवळे गवत टाका, मात्र ते फवारणी न झालेल्या बांधावरचे असावे.