जुन्या तांब्याच्या खाणीत उतरून बघण्यासारखं असतं तरी काय? आणि ते धोक्याचं नाही का?

धोक्याचं आहेच. म्हणून एकट्याने किंवा चार मित्र जमवून उतरू नका. पण जाणकार गटाबरोबर जायची संधी आली तर अजिबात सोडू नका.

मी मँचेस्टरला राहतो. आमच्या केव्हिंग, म्हणजे गुहा-भुयारांत उतरणाऱ्या, गटाबरोबर एक अख्खा दिवस मी आल्डर्ली एजच्या खाणींत काढला आहे. चेशायरमधली ही वालुकाश्माची टेकडी वरून बघितली तर नुसती झाडी आणि फिरायला आलेली माणसं. खालून मात्र ती कांस्ययुगापासून तांब्यासाठी पोखरली गेली आहे.

सर्वांत जास्त वेळ मी थांबलो तो इंजिन व्हेन नावाच्या खाणीत. भिंतीवर उजेड सरळ टाकला तर काही कळत नाही. दिवा हातात घेऊन तिरका धरला की घाव उठून दिसतात. एका जागी दगडी हातोड्याने ठेचून ठेचून झालेले गोलसर खळगे, त्यापलीकडे लोखंडी टिकावाच्या सरळ रेघा, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात सुरुंगाची दारू ठासायला पाडलेल्या भोकाची उरलेली अर्धी पन्हळ. मी त्या पन्हळीत बोट ठेवून बघितलं, आत बारीक वाळू होती. आपल्याकडच्या लेण्यांत छिन्नीचे घाव बघत आपण रेंगाळतो ना, अगदी तसंच वाटलं. फरक एवढाच की इथे कोणी मूर्ती घडवत नव्हतं, दगडातला हिरवा रंग जिकडे जाईल तिकडे माणूस त्याच्या मागे जात होता. तो हिरवा म्हणजे मॅलाकाइट, तांब्याचं खनिज. न घासलेल्या तांब्याच्या घंगाळावर चढतो तसा. मध्येच ॲझुराइट या तांब्याच्याच दुसऱ्या खनिजाचा गर्द निळा ठिपका.

1875 मध्ये इथल्या खाणकामगारांना जुन्या खोदकामात ओकच्या लाकडाचं एक फावडं सापडलं. ते गावातल्या शाळेत पडून होतं. त्याच शाळेत शिकलेले लेखक ॲलन गार्नर यांनी ते जपलं आणि पुढे मँचेस्टर म्युझियमला दिलं. कार्बन चाचणीत ते साडेतीन हजारांहून जास्त वर्षांचं निघालं! रोमन लोकही इथे खणून गेले. 1995 मध्ये इथल्याच एका बुजलेल्या विहिरीसारख्या खड्ड्यात डर्बीशायर केव्हिंग क्लबच्या सभासदांना रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं मिळालं. 564 नाणी होती.

मोठ्या खाणी, म्हणजे वुड माइन आणि वेस्ट माइन, 1857 नंतरच्या. खडकात तांबं इतकं विरळ की भट्टीत वितळवणं परवडेना. मग खडक दळून हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवायचा आणि त्या द्रावणात भंगार लोखंड टाकायचं. शाळेत मोरचुदाच्या पाण्यात खिळा टाकल्यावर त्यावर लालसर थर चढलेला आठवतोय? तोच प्रयोग, फक्त टाक्या भरभरून.

आता धोक्याचं. आत हवा थंड असते, साधारण 10 अंश, पण थंडीचं एवढं काही नाही. घात करतात ते उघडे खड्डे, आणि कुठल्याही जुन्या खाणीत कुजलेल्या फळ्यांवर माती साचून तयार झालेली खोटी जमीन. एकसारखे दिसणारे फाटे फुटत जातात आणि दिवा गेला की दिशाच उरत नाही. इथेही न सांगता आत शिरलेल्यांचे जीव गेले आहेत, म्हणून 1960च्या दशकात तोंडं बुजवली होती. जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची आहे. आता तोंडांना कुलूपबंद दारं आहेत आणि प्रवेश डर्बीशायर केव्हिंग क्लबमार्फतच मिळतो. नवख्यांसाठी ते खुले दिवसही ठेवतात, तुम्ही तिथूनच सुरुवात करा.

हेल्मेट, डोक्यावरचा दिवा आणि खिशात दुसरा दिवा, घोट्यापर्यंतचे बूट, आणि किती वाजता बाहेर येणार हे वर कुणाला तरी सांगून ठेवायचं. आमच्या गटात ही वेळ कागदावर लिहून दिल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकत नाही. बंद जागेची भीती वाटत असेल तर गटप्रमुखाला आधीच सांगा, लाजू नका. वेस्ट माइनमधली दालनं चांगली उंच आहेत, तिथे वाकावंही लागत नाही.