नोट्ससाठी नक्की कुठलं ॲप?

प्रश्न: ताई, मी सेकंड इयर इंजिनिअरिंगला आहे, सदाशिव पेठेत रूमवर राहते. सगळे म्हणतात नोट्ससाठी नोशन ॲप वापर, पण टेम्प्लेट सजवण्यातच रविवार जातो आणि सबमिशन राहतं ते राहतंच. काय करू?

उत्तर: अगं मग ठेव ना ते बाजूला! नोशन वाईट नाहीये, कॉलेजच्या ईमेल आयडीवर त्याचा एरवी पैसे पडणारा प्लस प्लॅन फुकट मिळतो, पण तुला आधी तारखा सांभाळायच्यात आणि त्याला गुगल कॅलेंडर बास झालं, ओरल, प्रॅक्टिकल, सबमिशन सगळं त्यात टाक आणि रिमाइंडर दोन दिवस आधीचा लाव, आदल्या रात्रीचा नको, तेव्हा झेरॉक्सवाल्याकडे ही गर्दी असते. टाइप करून नोट्स काढत असशील तर ऑब्सिडियन बघ, नोट्सच्या मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइल्स आपल्याच लॅपटॉपवर राहतात, रूमचं वायफाय गेलं तरी उघडतात, उद्या ॲप सोडलंस तरी नोट्स तुझ्याच. फक्त बॅकअप आपला आपण घ्यायचा. सर्किट डायग्राम, गणितं मात्र वहीतच काढ बाई, त्या पानाचा फोटो मायक्रोसॉफ्टच्या वननोट ॲपमध्ये टाकला की झालं. आणि पैसे भरून इतक्यात काही घेऊ नकोस.