पंडितजसराज: जोडून की तोडून?

प्रश्न असा आहे: मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या एका ग्रहाला पंडित जसराजांचं नाव दिलंय, पण ते ‘पंडितजसराज’ असं सलग का लिहितात? आणि त्याला ग्रह म्हणायचं का?

दुसरा भाग आधी उरकतो. बोलताना आपण सर्रास ग्रह म्हणतो, पण तो लघुग्रह. उपग्रह नव्हे, बटुग्रहही नव्हे.

आता नाव. ११ नोव्हेंबर २००६ रोजी तो अमेरिकेतल्या कॅटालिना स्काय सर्व्हे या आकाश-पाहणी प्रकल्पाला सापडला, तेव्हा त्याला नुसती खूण मिळाली: २००६ व्हीपी३२. यातला ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. ‘पी’ आणि ३२ यांचा हिशेब मांडला की कळतं, त्या पंधरवड्यातला हा ८१५ वा शोध! कक्षा पक्की झाल्यावर ओळीने क्रमांक मिळाला, ३००१२८. तो उजवीकडून दोन-दोन आकडे घेत वाचा: २८, ०१, ३०. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. जन्मतारीख बघून क्रमांक दिला असं काही जण सांगतात, ते उलटं आहे. क्रमांक आधीचा, नाव २०१९ मधलं.

सलग का, तर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेचा नियम: नाव सोळा अक्षरांच्या आत हवं, आणि शक्यतो एकच शब्द. रोमन लिपीत ‘पंडितजसराज’ची बारा अक्षरं होतात. मधे जागा सोडली असती तरी तेरा, म्हणजे अडचण लांबीची नव्हतीच. ‘शक्यतो एक शब्द’ एवढंच कारण. (अपवादही आहेत. ‘मिस्टर स्पॉक’ नावाचा लघुग्रह आहे, आणि ते शोधकाच्या मांजराचं नाव!)

मराठी कानाला हे खटकतं, कारण आपल्याकडे नावानंतर येणारी उपाधी चिकटते, नावाआधी येणारी सुटी राहते. गोविंदराव, बाळाजीपंत जोडून; पंडित, उस्ताद, संत तोडून. म्हणून गायकाबद्दल लिहिताना ‘पंडित जसराज’च बरोबर. लघुग्रहाचं मात्र ते विशेषनाम आहे, जसं ठरलं तसंच सलग लिहावं असं माझं मत.

लिहिताना घोळ होत असेल तर प्रत्यय लावून बघा. गायकी ‘पंडित जसराजांची’, आदरार्थी बहुवचन. कक्षा मात्र ‘पंडितजसराजची’. दगडाला अहो-जाहो कोण करतं?