हॅनबरी उद्यान पाहायला जाण्यापूर्वी

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील उद्याने आपण जुलैमध्ये पाहणार आहात, परंतु शक्य असल्यास एप्रिल-मे गाठावा, असा माझा आग्रह आहे. कारण तिथला पाऊस आपल्याकडच्या उलट मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात पडतो आणि ऐन उन्हाळ्यात अनेक झाडे वाढ थांबवून निपचित राहतात.

सुरुवात वेंतिमिल्याजवळच्या हॅनबरी उद्यानापासून करावी. थॉमस हॅनबरी या इंग्रज व्यापाऱ्याने १८६७ मध्ये ही उतारावरची जमीन घेतली आणि औषधी वनस्पतींचे जाणकार असलेले त्यांचे बंधू डॅनियल यांच्या मदतीने तिथे देशोदेशीची झाडे लावली. आज उद्यान जेनोवा विद्यापीठाकडे आहे. प्रवेशद्वार वर आणि समुद्र खाली असल्यामुळे उतरताना काही जाणवत नाही, पण परतीची चढण दमवते. म्हणून सकाळी लवकर जावे आणि पाणी जवळ ठेवावे. खालच्या भागात जुना रोमन रस्ता उद्यानातूनच जातो, तिथे थांबावेच.

घायपात आपण शेताच्या बांधावर पाहिलेले असते, म्हणून त्याच्याकडे सहज दुर्लक्ष होते. इथे मात्र वाकून पाहावे: कोंबात घट्ट मिटलेले असताना शेजारच्या पानाच्या काट्यांचा पडलेला ठसा प्रत्येक उमललेल्या पानावर स्पष्ट दिसतो.