‘या वर्षात माझ्या हातून काहीच झालं नाही’

डिसेंबर लागला की समुपदेशनासाठी येणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "वर्ष नुसतं वाया गेलं." म्हणणारी माणसं निरनिराळी असतात. कुणाची पदवी रखडलेली असते, कुणाची नोकरी सुटलेली, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलेलं. त्यातच जो तो आपल्या वर्षाचा हिशोब मांडत असतो आणि टीव्हीवर देशाच्या वर्षाचा आढावा चालू असतो. त्या गर्दीत आपलं पान कोरं दिसायला लागतं. ही बोच खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये.

एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

२०२४ चा डिसेंबर होता. ताई चाळिशी ओलांडलेल्या, बँकेत अधिकारी. जूनच्या सुरुवातीला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली. बढती हाताशी आली होती, पण बढतीबरोबर बदली होणार, म्हणून त्यांनी ती नाकारली. पुढे रजा संपली आणि बिनपगारी रजा सुरू झाली. माझ्यासमोर बसल्या बसल्या म्हणाल्या, "मॅडम, परवा तो गुकेश अठराव्या वर्षी बुद्धिबळात जगज्जेता झाला. देशात या वर्षी केवढं काय काय घडलं. आणि मी काय केलं? डायपर बदलले."

"तुम्ही सेवा केलीत, पुण्य जोडलंत," हे त्यांना सगळ्या नातेवाइकांनी सांगून झालं होतं. ते ऐकलं की त्यांना रडू यायचं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. गेलेली बढती पुण्याने भरून निघत नाही. तोटा झाला असेल तर तो तोटाच म्हणावा, असं माझं ठाम मत आहे. ‘चांगलं तेवढं आठवा’ हा सल्ला मी अशा वेळी देत नाही.

मी त्यांना काय कमावलं हे विचारलंच नाही. कागदावर वर्षातल्या काही तारखा लिहिल्या, सगळ्या देशाला ठाऊक असलेल्या, आणि एवढंच विचारलं की त्या दिवशी तुम्ही कुठे होतात.

यामागे स्मरणशक्तीचा साधा अभ्यास आहे. गेल्या सहा महिन्यांत काय झालं, असं मोघम विचारलं की माणूस जुन्या घटनाही अलीकडे ओढतो, तारखांची सरमिसळ करतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि वेस्ली मारबर्गर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की सगळ्यांच्या लक्षात राहिलेल्या एखाद्या मोठ्या घटनेपासून पुढचं विचारलं तर ही गफलत कमी होते. त्यांनी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा १९८० मधला उद्रेक वापरला होता. सार्वजनिक घटना ही खुंटी होते, तिला आपले दिवस अडकवता येतात.

४ जून, लोकसभेचा निकाल. ताई अतिदक्षता विभागाबाहेर होत्या. टीव्हीवर आघाडीचे आकडे फिरत होते, लोक मोठमोठ्याने बोलत होते, आणि त्या संमतीपत्रावर सही करत होत्या. एकट्या.

२९ जून, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. बाबा नुकतेच घरी आले होते. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. रात्री त्या त्यांना वळवत होत्या आणि शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला. बाबा ओरडले, "थांब, थांब, परत दाखवतायत!" अर्ध्या वळवलेल्या बाबांना पाठीशी हात देऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. हे सांगताना त्या हसल्या. मग गप्प झाल्या. सामना संपल्यावर भावाचा फोन आला होता. तो मॅचबद्दल भरभरून बोलला. रात्री बाबांजवळ कोण जागतं, हे त्याने विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, विधानसभेचं मतदान. बाबांनी हट्ट धरला, मी केंद्रावरच जाणार. व्हीलचेअरवरून नेलं. शाई डाव्या तर्जनीला लावतात, आणि त्यांची डावी मूठ झटक्यानंतर घट्ट आवळलेली. मतदान अधिकारी शाई घेऊन थांबले. फिजिओथेरपिस्टने शिकवलं होतं तसं ताईंनी आधी मनगट वाकवलं, मग अंगठा सोडवला, मग एकेक बोट. जूनमध्ये ही मूठ ताईंना उघडता येत नव्हती.

यात एक सावधगिरी हवी. ठसठशीत आठवण अचूक असतेच असं नाही. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर लगेच फुटलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं होतं. अडीचेक वर्षांनी विचारलं तेव्हा अनेकांनी वेगळंच सांगितलं, तेही छातीठोकपणे. म्हणून मी ताईंना घरून दवाखान्याची कागदपत्रं आणि मोबाईलमधले फोटो तारखेप्रमाणे बघायला सांगितलं. त्यात आणखी एक गोष्ट सापडली. भाऊ ऑगस्टमध्ये आठवडाभर येऊन राहिला होता, हे त्या साफ विसरल्या होत्या. तेही कागदावर आलं.

कागद भरला तेव्हा ताईंना उमगलं की त्यांना खुपत होतं ते बढतीपेक्षा सगळं एकटीवर पडल्याचं. ‘मी काही केलं नाही’ या वाक्याखाली ‘माझ्याबरोबर कुणी केलं नाही’ हे वाक्य दडलेलं होतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यावर माणूस स्वतःला कोसत बसतो, दुसऱ्यावर फोन उचलता येतो.

घरी करून पाहणार असाल तर आनंदाच्या आणि दुःखाच्या दोन्ही तारखा घ्या. त्या वर्षी वायनाडची दरड कोसळली, रतन टाटा गेले, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्रत्येक तारखेपुढे कुठे होतो, कुणाबरोबर होतो आणि हाताने काय करत होतो, एवढंच लिहा. चांगलं की वाईट हे ठरवायची घाई नको. ज्यांचं जवळचं माणूस नुकतंच गेलं आहे त्यांनी हे एकट्याने करू नये. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर आधी मदत घ्या. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं.

ताईंनी भावाला फोन केला तो तक्रारीसाठी नव्हे, तारखा ठरवण्यासाठी. आधी तो चिडला, मग महिन्यातून एक आठवडा यायला तयार झाला. फेब्रुवारीत ताई बँकेत रुजू झाल्या. बढतीचं अजून ठरायचं आहे, आणि रात्रीसाठी बाई ठेवायची की नाही यावरून भावाबहिणीचं अजूनही वाजतं.