सोलापुरात बाग करताय? आधी लॉन विसरा

अहो, नळाला रोज पाणी नसलेल्या आपल्या गावात लॉनचा हट्ट कशाला? मीही केला होता. मे महिन्यात त्याचा पापड झाला.

बहावा, तरवड, बोगनवेल एवढ्यावर सुरुवात करा. कण्हेरही चिवट, पण विषारी. घरात लहान मुलं असतील तर नकोच. लावणी दमदार पाऊस झाल्यावर, जुलैत. आळ्यात उसाचं पाचट चार बोटं पसरा, खोडाला चिकटवू नका.

नवखे हमखास चुकतात ते पाण्यात. रोज तांब्याभर घातलं की मुळं वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, सावकाश, भरपूर द्या. काळ्या मातीत आधी बोटभर उकरून ओल बघा. आणि चिवट झाडालाही पहिले एक-दोन उन्हाळे पाणी लागतंच!

ठिबकचं पुढच्या वर्षी बघू.